लेकी बोले, सुने लागे : फ्रँको लुआम्बोची गिटार

काँगोची राजधानी किन्शासाला लिओपोल्डव्हिल म्हणत, तेव्हाची गोष्ट. तिथल्या न्गिरी-न्गिरी भागातल्या बाजारात एक बाई मिकाते तळून विकायची. मिकाते म्हणजे आपले गुलगुलेच समजा. नवरा रेल्वेत होता, तो वारलेला. मुलगा शेजारी बसून डब्याला तारा ताणून केलेली गिटार वाजवायचा, गिऱ्हाईक थांबावं म्हणून. हाच पुढे काँगोचा गाजलेला गिटारवादक आणि गायक झाला, फ्रँको लुआम्बो मकियादी. जन्म 1938 चा.

मला वाटतं, त्याची खरी शाळा तो बाजारच. नवऱ्यांच्या तक्रारी, सवतींची भांडणं, उधारी, सगळं कानावर पडायचं. पुढे त्याची गाणी त्याच बोलण्यातून आली.

1953 साली तो एका ग्रीक व्यापाऱ्याच्या लोनिंगिसा स्टुडिओत दाखल झाला. 1956 मध्ये त्याचा ‘ओके जाझ’ हा वाद्यवृंद उभा राहिला. नावात जाझ असलं तरी वाजायचा रुम्बा, म्हणजे क्युबातलं नाचाचं संगीत. क्युबाच्या तबकड्या काँगोत आल्या, तेव्हा लोकांना ते सूर ओळखीचे वाटले. वाटणारच, गुलाम करून नेलेल्या त्यांच्याच पूर्वजांबरोबर ते समुद्रापार गेले होते. या रुम्बात आधी संथ गाणं चालतं, मग शब्द मागे सरतात आणि गिटारी पुढे येतात. या भागाला ‘सेबेन’ म्हणतात. तिथे फ्रँको अंगठा आणि तर्जनीनं एकाच वेळी दोन तारा छेडायचा, तीच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा. बसलेला माणूस उठलाच पाहिजे!

पण त्याचं खरं हत्यार होतं ‘म्ब्वाकेला’. तिथल्या लिंगाला भाषेतला हा शब्द मराठीत समजावून सांगायची गरजच नाही. आपल्याकडे लेकी बोले, सुने लागे म्हणतात ना, तेच. जून 1966 मध्ये काँगोचा हुकूमशहा मोबुटूनं चार राजकारण्यांना हजारोंच्या गर्दीसमोर फासावर चढवलं. त्यानंतर फ्रँकोचं एका चेटक्यावरचं गाणं आलं. नाव कुणाचं नाही, पण लोकांना कळलं, आणि सरकारलाही कळलं. तबकड्या जप्त झाल्या, फ्रँको नदीपलीकडे शेजारच्या देशात, ब्राझाव्हिलला गेला.

याच माणसानं 1984 साली राष्ट्राध्यक्षपदासाठी मोबुटूच्या उमेदवारीचं गाणंही गायलं. इथे मी त्याची वकिली करणार नाही. एवढा मोठा वाद्यवृंद सांभाळायचा तर सत्तेशी जुळवून घ्यावं लागलं असेल, पण तो काही नाइलाजानं गायल्यासारखा वाटत नाही.

1978 मध्ये अश्लील गाण्यांसाठी त्याला तुरुंगात टाकलं. सांगतात ते असं : यात वावगं काही नाही, असा त्याचा दावा होता. मग सरकारी वकिलानं ती गाणी थेट त्याच्या आईला ऐकवली. ती गुलगुलेवाली आई! ऐकून ती हादरली म्हणे.

1985 चं ‘मारिओ’ खूप गाजलं : शिकलेला तरुण, वयानं मोठ्या श्रीमंत बाईच्या जिवावर जगणारा. त्यात पुन्हा बाजारातलं बोलणं ऐकू येतं.

1987 साली मात्र त्यानं एड्सवर गाणं केलं, आणि तिथे म्ब्वाकेला नाही. विद्यार्थी, आईबाप, सरकारं, एकेकाला तो नाव घेऊन बजावतो. गातो कमी, बोलतो जास्त. 12 ऑक्टोबर 1989 ला बेल्जियममध्ये तो गेला, वय 51. त्याच्या देशात चार दिवसांचा दुखवटा पाळला गेला, आणि सरकारी रेडिओवर त्याचीच गाणी वाजत राहिली.