वाळू खाली येईपर्यंत

नमस्कार मंडळी.

मागच्या रांगेत दाराशेजारी जाडजूड हेडफोन लावून बसलाय ना, तो माझा लेक. त्याच्या हातात पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ आहे. वाळू खाली आली की आई येणार आणि आपण बाहेर जाणार, असं आमचं ठरलंय. म्हणजे आज भाषण लांबणार नाही, याची हमी माझ्यापेक्षा तोच देतोय.

तो बारा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, जोडीला बौद्धिक अक्षमताही. ऑटिझमला आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो, पण हा शब्द मला कधी पटला नाही. तो कुठला स्वतःत मग्न असायला? बाहेरचंच सगळं एकदम त्याच्या अंगावर येतं. ट्यूबलाइटची गुणगुण, मानेला टोचणारं शर्टाचं लेबल, खुर्ची सरकवल्याचा आवाज. आपण याला हट्ट म्हणतो आणि वर ‘लाडावलाय’ असंही ऐकवतो.

लिओ कॅनर या अमेरिकेतल्या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ साली अशा अकरा मुलांविषयी लिहिलं. पुढे कित्येक वर्षं खापर आयांच्या माथी फुटत राहिलं. आई मायेला कोरडी, म्हणून मूल असं! तो सिद्धांत केव्हाच मोडीत निघाला. तरी एखादी मावशी अजून हळूच विचारतेच, ‘तो लहान असताना तू नोकरी करत होतीस ना गं?’

निदान झालं तेव्हा आम्हाला सल्ला मिळाला, की घरात एकच भाषा ठेवा, शाळेची. आम्ही वर्षभर इमानेइतबारे पाळला. ‘बूट घाल’, ‘इकडे ये’ एवढं त्या भाषेत निभत होतं. पण ताप आलेलं पोर रात्री कुशीत शिरलं, की मी मुकी व्हायचे. माझी सगळी माया मराठीत! पुढे कळलं, की ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवर जे अभ्यास झालेत, त्यांत दोन भाषांमुळे मूल मागे पडतं असं दिसलेलं नाही. ते वर्ष मला अजून सलतं. हा सल्ला तुम्हालाही कुणी दिला, तर त्याला आधार काय, एवढं जरूर विचारा.

आता एक टी-शर्टची गोष्ट. आम्ही रोज सकाळी ‘शर्ट घाल’ म्हणून ओरडायचो आणि रोज रडारड व्हायची. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवणाऱ्या बाईंनी, एकदा शर्ट घालण्याच्या पायऱ्या मोजायला लावल्या. पुढची बाजू ओळखायची, डोकं घालायचं, एक हात, दुसरा हात, मग खाली ओढायचा. त्या म्हणाल्या, ‘शेवटून सुरुवात करा.’ मग सगळं मी करायचे आणि पोटावर गोळा झालेला शर्ट कमरेपर्यंत ओढायचं काम तेवढं त्याचं. काम पुरं व्हायचं ते त्याच्या हातून, त्यामुळे स्वारी खूश. ते जमल्यावर दुसरा हात, मग पहिला. डोक्यापाशी पोचायला चार महिने लागले. शर्टाची पुढची बाजू ओळखणं अजून जमत नाही, म्हणून आतून लाल दोरा शिवलाय. कधीकधी तरीही उलटा घालतो. आजही उलटाच आहे, बघा हवं तर.

दुसरं म्हणजे थांबणं, आणि ते मला फार जड गेलं. एकदा सांगायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. पाचालाच आपण तेच वाक्य शब्द बदलून पुन्हा म्हणतो आणि त्याला पहिल्यापासून जुळवाजुळव करावी लागते. नवऱ्याला हे आधी जमलं. तो मुळातच कमी बोलतो!

धाकटीबद्दल बोलायचं राहिलंच. रविवारचा एक तास फक्त तिचा असतो. त्यात दादाचा विषय काढायचा नाही, हा नियमही तिनेच केलाय.

तो उठून उभा राहिलाय. वाळू संपली वाटतं. तुमचे प्रश्न बाहेर अंगणात घेते.