अनुदान तीन वर्षांचे, प्रशिक्षण दहा दिवसांचे

मित्रहो, सरकारी योजनांची यादी कोणीही वाचून दाखवील, म्हणून मी एकाच योजनेच्या रचनेवर बोलणार आहे.

नवा छोटा उद्योग उभारणाऱ्यांना कर्ज आणि अनुदान मिळवून देणारा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला आणि तो राबवणाऱ्या खादी व ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय आपल्या विलेपार्ल्यातच आहे. कर्ज बँक देते, अनुदान सरकार देते. मुंबईसारख्या शहरी भागात ते सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्पखर्चाच्या १५ टक्के, तर महिला आणि मागासवर्गीयांना २५ टक्के मिळते. पदरचे अनुक्रमे १० आणि ५ टक्के घालावे लागतात. मात्र हे अनुदान उद्योजकाच्या हातात पडत नाही. ते तीन वर्षे मुदत ठेवीत अडकून राहते, आणि व्यवसाय खरोखर चालू आहे याची प्रत्यक्ष पाहणी झाल्यावरच कर्जखात्यात वळते होते. धंद्याचा कस तीन वर्षांत लागतो, हे ही अट घालणाऱ्यांना नेमके उमगले होते असे मला वाटते.

आता प्रशिक्षण पाहा. पाच लाखांवरील प्रकल्पासाठी ते दहा दिवसांचे असते, आणि त्यातला बराचसा भर प्रकल्प अहवाल, नोंदण्या व हिशेब यांवर असतो. हे आवश्यकच आहे. परंतु मुंबईत छोटा धंदा बुडतो तो अहवाल चुकल्यामुळे क्वचितच. गाळ्याच्या डिपॉझिटमध्ये खेळते भांडवल अडकते, अकरा महिन्यांचा करार संपताच भाडे वाढते, आणि ज्या कार्यालयाला रोजचे डबे पुरवतो ते बिल महिनोन्‌महिने लटकवून ठेवते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेल्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे, हे वर्गात सांगतातही. पण मोठे गिऱ्हाईक न तोडता त्या कायद्याची आठवण कशी करून द्यायची, हा प्रश्न सहाव्या महिन्यात उभा राहतो, आणि तेव्हा वर्ग संपलेला असतो.

गिरणगावात याचे उत्तर पूर्वीच शोधले गेले होते. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, तेव्हा खाणावळ चालवणाऱ्या बायांना स्वयंपाक किंवा हिशेब शिकवण्याची गरजच नव्हती; सावकाराच्या कचाट्यातून सुटून राष्ट्रीयीकृत बँकेपर्यंत पोचण्यासाठी आणि पुढे हप्ते फेडताना पाठीशी कोणी तरी हवे होते. मंडळाने तेच काम केले.

म्हणून माझी सूचना साधी आहे, आणि तिला नवा कायदा लागत नाही. अनुदान ज्या तीन वर्षांसाठी अडकवून ठेवले जाते, त्याच तीन वर्षांत दर तिमाहीला जिल्हा उद्योग केंद्राने, म्हणजे उद्योगांना मदत करणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयाने, उद्योजकाला एकदा बोलवावे, त्याची येणी-देणी तपासावीत, आणि शेवटची पाहणी फक्त फलक आणि यंत्रे मोजण्यापुरती न ठेवता या बैठकांच्या नोंदींशी जोडावी.