सादळू नये म्हणून : मक्याच्या गोड लाह्या आणि फ्रीझर

(दृश्य : श्रावणातील ढगाळ सकाळ. भट्टीवरच्या तापलेल्या वाळूत फुटणाऱ्या ज्वारीच्या लाह्या.)

नागपंचमीच्या तोंडावर भट्टीवर जाऊन ज्वारीच्या लाह्या फोडून आणण्याची पद्धत मराठवाड्यातील अनेक गावांत आजही टिकून आहे. ज्वारीवर गरम पाणी शिंपडून ती रात्रभर फडक्यात बांधून ठेवतात आणि सकाळी तापलेल्या वाळूत टाकतात, तेव्हा ती तडतडून फुलते. नागोबाला वाहून उरलेल्या लाह्या मात्र लगेच संपवाव्या लागतात, कारण श्रावणाच्या हवेत उघडी राहिलेली लाही संध्याकाळपर्यंत सादळू लागते. त्याच घरांत आता मक्याच्या लाह्याही फुटतात, त्यांच्यावर गुळाचा किंवा साखरेचा पाक चढतो आणि शिक्षणासाठी लातूरला, छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला राहिलेल्या मुलांसाठी त्यांचे डबे भरले जातात. एकदा पाकाचा घाट घातलाच आहे तर भरपूर करावे आणि उरलेले फ्रीझरमध्ये ठेवावे, असे मग कोणालाही वाटते. तसे करता येते, आणि ते चांगलेही होते. पण फ्रीझर लाहीला कुरकुरीत करत नाही, ती ज्या अवस्थेत आत गेली त्याच अवस्थेत तिला थांबवून ठेवतो, एवढे आधीच लक्षात घेतले पाहिजे.

(दृश्य : तळहातावर लाह्यांच्या मक्याचे बारीक, टणक दाणे. शेजारी बाजारातल्या साध्या मक्याचे चपटे दाणे.)

मका मूळचा मेक्सिकोचा. सिल्लोड, कन्नड आणि जालन्याच्या परिसरात पावसाळ्यात शेतोशेती उभा दिसणारा मका बहुतांशी पशुखाद्याकडे आणि स्टार्चच्या कारखान्यांकडे जातो. त्याचे दाणे कढईत टाकले तर ते भाजले जातात, फार तर तडकतात. लाह्यांचा मका हा त्याच पिकाचा निराळा प्रकार असून त्याचा दाणा लहान व कठीण असतो आणि त्याचे टरफल वाफ कोंडून धरण्याइतके घट्ट असते. दाण्याच्या आत वजनाच्या १३ ते १४ टक्के पाणी असते. दाणा सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापला, की या पाण्याची वाफ बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट दाब निर्माण करते, टरफल फाटते आणि आतला मऊ झालेला स्टार्च फेसाळून एका क्षणात फुलतो व तसाच वाळून घट्ट होतो. लाहीचा हलकेपणा आणि तिचा आवाज या सच्छिद्र रचनेत आहे, आणि तिचा नाजूकपणाही तिथेच आहे, कारण असंख्य पोकळ्यांमुळे हवेला आत शिरायला वाटाच वाटा मिळतात.

एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा अतिशय कोरडी होते. अशा दिवसांत सैल झाकणाच्या डब्यात राहिलेल्या कच्च्या दाण्यांतील पाणी उडून जाते आणि मग कढईच्या तळाशी निम्मे दाणे गांगडू राहतात. त्यावर उपाय सोपा आहे. लिटरभराची बरणी पाऊण भरेल एवढ्या दाण्यांवर एक मोठा चमचा पाणी घालावे, झाकण घट्ट लावून बरणी अधूनमधून हलवावी आणि दोन-तीन दिवस तशीच ठेवावी. ज्वारी फडक्यात बांधून ठेवण्यामागेही हेच शास्त्र आहे, आणि ते शिकवायला भट्टीवाल्याला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज पडलेली नाही. कच्चे दाणे फ्रीजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये ठेवू नयेत, तेथील कोरडी थंडी त्यांच्यातील पाणी ओढून घेते. गारवा लाभतो तो फुटलेल्या लाहीला.

(दृश्य : जाड बुडाच्या कढईत उकळणारा गुळाचा पाक. थंड पाण्याच्या वाटीत पडणारा त्याचा थेंब.)

साठवणीचे खरे काम पाकापासून सुरू होते. शंभर ग्रॅम दाण्यांच्या लाह्यांना साधारण दीडशे ग्रॅम चिरलेला गूळ, दोन मोठे चमचे तूप, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा पुरतो. दोन चमचे पाण्यात गूळ विरघळवून गाळून घ्यावा, तूप घालून तो मंद आचेवर शिजवावा आणि थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी ताटलीवर आपटली असता टणकन वाजली पाहिजे, ती दातांखाली चिकटता कामा नये. एकतारी किंवा गोळीबंद पाकावर उतरवलेल्या लाह्या चवीला छान लागतात, पण त्या पहिल्या दिवसापासूनच चिवट असतात आणि पुढे कितीही काळजी घेतली तरी त्यांचा चिवटपणा जात नाही. चिक्कीला लागतो तितका पक्का, १४५ अंशांच्या पुढे गेलेला पाक थंड झाला की काचेसारखा कडक होतो, कारण त्यात पाणी जवळपास उरलेलेच नसते. सोडा घालताच पाक फसफसून वर येतो. त्यातील बारीक बुडबुड्यांमुळे थर पातळ आणि खुसखुशीत बसतो. गूळ लवकर करपतो, म्हणून शेवटची दोन मिनिटे कढईसमोरून हलू नये.

गूळ घ्यावा की साखर, याचा निर्णय केवळ चवीवर सोडता येत नाही. गुळात उसाच्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असते. चांगल्या गुळात त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आणि हलक्या प्रतीच्या गुळात त्याहून अधिक असते. हवेतले पाणी ओढून घेण्याची या साखरांची, विशेषतः फ्रुक्टोजची, ओढ मोठी असते, आणि पावसाळ्यात गुळाची ढेप पाझरते ती यामुळेच. साधी साखर त्या मानाने कोरडी राहते. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये करून ठेवायच्या लाह्यांसाठी अर्धा गूळ आणि अर्धी साखर असा पाक अधिक टिकाऊ ठरतो, तर संक्रांतीच्या कोरड्या थंडीत निव्वळ गुळाचा पाकही तग धरतो. मांजरा खोऱ्यातील ऊस आणि तेथील गुऱ्हाळे हाताशी असताना पाकातून गूळ पूर्ण वगळायला सांगणे आम्हालाही जड गेले असते.

पाक लावून झाल्यावर लाह्या वाळवाव्या लागतात, आणि बहुतेक घरांत हीच पायरी राहून जाते. ओव्हन असेल तर पसरट ताटात त्या एका थरात पसरून १२० अंशांवर चाळीस ते पन्नास मिनिटे ठेवाव्यात आणि दर पंधरा मिनिटांनी उलटसुलट कराव्यात. ओव्हन नसेल तर जाड कढईत अगदी मंद आचेवर दहा-बारा मिनिटे हलवत राहावे. त्याने ओव्हनइतकी सफाई येत नाही, पण उरलेली ओल बरीचशी निघून जाते. ताटातून काढलेली लाही गरम असताना मऊ लागते, त्यामुळे ती झाली की नाही हे एक लाही पूर्ण गार करून मगच चावून पाहावे. ती स्वच्छ मोडली पाहिजे.

(दृश्य : ताटावर गार होणाऱ्या लाह्या. बाहेर पावसाची भुरभुर.)

लाह्या गरम असताना डबा बंद केला तर त्यांची वाफ झाकणाला आतून चिकटते आणि तेच पाणी पुन्हा लाहीत मुरते. उलट पावसाळ्यात पंख्याखाली तासन्‌तास पसरून ठेवल्या तर त्या बाहेरच्या हवेतून पाणी घेतात. खोलीच्या तापमानाला येताच, म्हणजे साधारण अर्ध्या-पाऊण तासात, त्या पिशवीत भरून टाकणे हा मधला मार्ग आहे. उन्हाळ्यात मराठवाड्याची हवाच इतकी कोरडी असते की ही घाई करावी लागत नाही. त्या दिवसांतली अडचण उष्णतेची असते, ज्यामुळे पाक मऊ पडून लाह्या एकमेकींना चिकटतात आणि तूप व शेंगदाणे लवकर खवट होतात.

अन्नशास्त्रात पदार्थातील मोकळ्या पाण्याचे मोजमाप शून्य ते एक या पट्टीवर करतात आणि त्याला जलक्रियाशीलता म्हणतात. लाह्या, कुरकुरे, बिस्किटे यांचा कुरकुरीतपणा या पट्टीवर ०.३५ ते ०.५ च्या दरम्यान हरवू लागतो, तर बुरशी किंवा जिवाणू वाढण्यासाठी साधारण ०.६ च्या वरची पातळी लागते. याचा अर्थ असा, की नीट वाळवलेली गोड लाही नासण्याच्या कितीतरी आधी सादळते. दूध किंवा मटणासारखी ती सुरक्षिततेसाठी गोठवायची नसते; तिचा कुरकुरीतपणा आणि तुपाची चव राखण्यासाठी गोठवायची असते. याचा एक फायदा लोडशेडिंगच्या काळात लक्षात येतो. वीज चार-सहा तास गेली आणि फ्रीझरमधील बर्फ पाझरू लागला, तरी पिशवी घट्ट बंद असेल तर लाह्या फेकून देण्याचे कारण नाही. दार न उघडता वीज येण्याची वाट पाहावी, एवढे पुरे.

हवाबंद डब्यात या लाह्या खोलीच्या तापमानाला दोन-तीन आठवडे चांगल्या राहतात, आणि ज्यांच्या घरी त्या तेवढ्या दिवसांत संपतात त्यांनी फ्रीझरच्या फंदात पडूच नये. त्यापुढे उणे १८ अंशांवर ठेवल्यास दोन ते तीन महिने चव आणि कुरकुरीतपणा दोन्ही टिकतात, कारण थंडीत तेल-तूप खवट होण्याची क्रिया मंदावते आणि पाकाचा थर घट्ट राहतो.

(दृश्य : जाड प्लास्टिकच्या लहान पिशव्या, त्यांतील हवा दाबून काढणारे हात, नंतर त्या पिशव्यांनी भरलेला डबा.)

आपल्याकडचे स्टीलचे डबे दणकट असतात, पण त्यांची झाकणे क्वचितच हवाबंद बसतात, म्हणून केवळ डब्यावर विसंबून चालत नाही. जाड, झिप असलेल्या पिशवीत एका वेळी खाऊन होतील एवढ्याच लाह्या भराव्यात, लाह्या चिरडू न देता शक्य तेवढी हवा बाहेर काढावी आणि अशा पिशव्या मग डब्यात रचाव्यात. पिशवी ओल अडवते आणि डबा लाही मोडू देत नाही. पातळ कॅरीबॅगचा येथे काहीच उपयोग नाही. पिशवीवर तारीख लिहावी. डबा फ्रीझरच्या मागच्या भागात ठेवावा, कारण दार उघडताच बाहेरची दमट हवा सर्वांत आधी पुढच्या वस्तूंवर येते, आणि मासळी किंवा चिरलेला कांदा यांच्या शेजारी तो ठेवू नये, लाही वासही तितक्याच तत्परतेने ओढून घेते.

लाह्यांत काय मिसळायचे यालाही मर्यादा आहे. मनुका, खजूर किंवा ओल्या नारळाचा कीस पाकाबरोबर मिसळला तर डबा कितीही घट्ट असला तरी त्यांच्यातील पाणी आतल्या आत लाहीकडे सरकते आणि बाहेरून एक थेंबही न येता लाह्या मऊ पडतात. भाजलेले शेंगदाणे आणि तीळ चालतात, मात्र ते ताजे हवेत, कारण खवटपणाची सुरुवात बहुधा शेंगदाण्यापासून होते. चॉकलेट लावलेल्या लाह्या गोठवल्यावर त्यांच्यावर पांढुरकी झाक येऊ शकते. तिने आरोग्याला धोका नसतो, पण पाहुण्यांपुढे ठेवायला ती बरी दिसत नाही. लाह्यांचे लाडू वळले असतील तर प्रत्येक लाडू वेगळा गुंडाळावा, नाहीतर बाहेर काढल्यावर त्यांचा एकच गोळा होतो.

(दृश्य : फ्रीझरमधून काढलेली बंद पिशवी. तिच्यावर बाहेरून जमणारे पाण्याचे बारीक थेंब.)

सर्वाधिक लाह्या बिघडतात त्या फ्रीझरमध्ये ठेवताना नव्हे, बाहेर काढताना. गार वस्तूला दमट हवा लागली की हवेतील वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. पिशवी काढल्या काढल्या उघडली तर हे पाणी थेट पाकावर बसते, आणि दोन महिने जपलेला कुरकुरीतपणा काही मिनिटांत जातो. म्हणून बंद पिशवी तासभर तशीच ओट्यावर ठेवावी, बाहेरून साचलेले पाणी कोरड्या फडक्याने पुसावे आणि पिशवी हाताला अजिबात गार लागेनाशी झाली की मगच उघडावी. पावसाळ्यात यासाठी दीड तासही द्यावा. मुलांच्या वसतिगृहाकडे एसटीने पाठवायच्या पिशव्या थेट फ्रीझरमधून काढून डब्यात घातल्या तरी चालतात. प्रवासात त्या बंद राहूनच गारवा सोडतात, पण डबा मिळताच उघडून बसू नये, असे फोनवर आधी बजावून ठेवावे. एकदा उघडलेली पिशवी पुन्हा गोठवू नये.

तरीही काही लाह्या सादळतातच. त्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर दहा-पंधरा मिनिटे, किंवा जाड तव्यावर मंद आचेवर परतून पूर्ण गार केल्या, की बहुतांशी पूर्वपदावर येतात, फक्त त्या पुन्हा साठवण्याऐवजी त्याच दिवशी खाऊन टाकाव्यात. खवट वास आला असेल तर मात्र कोणतीही उष्णता तो घालवू शकत नाही, अशा लाह्या टाकूनच द्याव्यात. आणि ज्या नुसत्याच मऊ पडल्या आहेत आणि परतण्याचा कंटाळा आला आहे, त्या वाटीभर गरम दुधात घालाव्यात. दोन मिनिटांत गूळ दुधात उतरतो आणि मुले ती वाटी तक्रार न करता संपवतात.