उत्तर आजीच देतील

टॅबलेटवर प्रश्नावली भरणाऱ्या आजींचं हे बोट बघा. बरोबर पर्यायावर टेकलंय, पण टॅबलेट दाद देत नाही. वय वाढलं की बोटांची त्वचा कोरडी पडते, आणि असा स्पर्श स्क्रीनला नीट कळत नाही. आजी पुन्हा दाबतात, आता जरा जोरात. जोराचा इथे उपयोग नसतो. मग रबरी टोकाचं पेन हातात येतं, आणि पहिलं उत्तर नोंदलं जातं.

प्रश्न आहे, तुमच्या जीवनाची गुणवत्ता तुम्हाला कशी वाटते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 26 प्रश्नांच्या प्रश्नावलीची सुरुवात अशी होते. शरीर, मन, नाती आणि भोवतालची परिस्थिती, सगळ्याबद्दल विचारतात; प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, आणि आठवायचे ते फक्त गेले दोन आठवडे. ज्येष्ठांसाठी 24 प्रश्नांची आणखी एक पुरवणी आहे. कमी ऐकू येण्यानं रोजच्या जगण्यात काय अडतं? स्वतःचे निर्णय स्वतः घेता येतात का? मरणाची भीती वाटते का? रक्ताच्या कुठल्याच तपासणीत हे सापडत नाही. माणसालाच विचारावं लागतं.

आता हा पडदा जवळून. एका वेळी एकच प्रश्न. काळी, ठसठशीत अक्षरं. कोपऱ्यातलं बटण दाबलं की प्रश्न वाचून दाखवला जातो. आजी मागे जातात, उत्तर बदलतात, पुन्हा पुढे येतात. कागदावर दोन पानं एकदम उलटली की प्रश्न राहून जातो. इथे राहिलेला प्रश्न लगेच समोर येतो. पण ‘उत्तर द्यायचं नाही’ हे बटणही हवंच. मरणाच्या प्रश्नापाशी कुणाला अडवून धरू नये.

मध्येच स्क्रीन काळी होते. आजींना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. चूक त्यांची मुळीच नाही. विचार करायला त्यांना वेळ लागतो, आणि तेवढा वेळ यंत्रानं थांबायला हवं.

आजोबांसमोर दुसरी प्रश्नावली आहे. शून्य ते शंभर अशी उभी पट्टी, आज तब्येत कशी वाटते ते दाखवायला. कागदावर ती 20 सेंटिमीटर लांब असते. लहान स्क्रीनवर ती आखडते, आणि थरथरणारं बोट हव्या त्या आकड्यावर थांबत नाही. म्हणून शेजारी आकडा मोठा दिसतोय. तो बघून आजोबा बोट थोडं खाली आणतात.

आणि हा क्षण. मुलगी हळूच म्हणते, “आई, गुडघे दुखतात ना, ‘वाईट’ दाब.” आजी ‘चांगली’ दाबतात. घरची माणसं प्रेमापोटीच बोलतात, पण ज्येष्ठ स्वतःच्या जगण्याला जेवढे गुण देतात, त्यापेक्षा घरच्यांनी दिलेले गुण बऱ्याचदा कमी असतात. स्मृतिभ्रंश फार वाढला, तर दुसऱ्या कुणी उत्तरं द्यावी लागतात. मात्र ती कुणी दिली, हे पहिल्याच पडद्यावर नोंदायला हवं. आजींना प्रश्न कळतो. उत्तर त्यांचंच घ्यायचं.

शेवटचं बटण दाबलं की गुण आपोआप मोजले जातात आणि डॉक्टरांना दिसतात. पुढच्या भेटीत त्यांची तुलना होते, गरज पडली तर औषध बदलतं.