न्यूटनच्या आधीचे न्यूटन

श्रोतेहो, नमस्कार.

आज न्यूटनच्या गतिनियमांना आपण हात लावणार नाही. आयझॅक न्यूटनचे वाडवडील शोधायला जाऊ. इंग्लंडमधलं साधं शेतकरी कुळ चार-पाच पिढ्या मागं कसं नेतात, ते या घराण्यावरून छान समजतं.

लिंकनशर परगण्यात ग्रँथम शहराच्या दक्षिणेला वेस्टबी आणि वुल्सथॉर्प अशी दोन छोटी गावं आहेत. या घराण्याचा सगळ्यात जुना सापडणारा माणूस म्हणजे वेस्टबीचा सायमन न्यूटन. साल १५२४. आठव्या हेन्रीच्या राज्यात बसलेल्या कराच्या यादीत त्यानं चार पेनी भरल्याची नोंद आहे. चार पेनी हा सगळ्यात खालचा दर. त्याच्याहून गरीब शेजारी कराच्या टप्प्यातच येत नव्हते, त्यामुळे त्या यादीतही नाहीत. एका परीनं सरकारला चार पेनी देऊन सायमननं आपलं नाव पाचशे वर्षं टिकवलं, असं मला गमतीनं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, चर्चच्या वह्या असतात की! असतात. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलनं फर्मान काढलं, की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. पण सुरुवातीच्या नोंदी बऱ्याच ठिकाणी कागदावर होत्या. १५९८ मध्ये त्या चामड्याच्या टिकाऊ पानांवर उतरवून काढायचा हुकूम आला, आणि त्यात एक पळवाट होती: निदान एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासून, म्हणजे १५५८ पासून, तरी उतरवा. लिहायचा कंटाळा कुठल्याही देशातल्या माणसाला येतो. अनेकांनी १५५८ पासूनच सुरुवात केली आणि मागची वीस वर्षं गेली ती गेलीच.

म्हणून जाणकार संशोधक बाप्तिस्म्याच्या वहीइतकाच, किंबहुना जास्तच, भर मृत्यूपत्रांवर देतात. वहीत नुसतं नाव असतं. मृत्यूपत्रात मुलं, जावई, नातवंडं, शेत, बिछाना, भांडी, कुणावर राग आणि कुणावर माया, सगळं येतं. न्यूटनांच्या बाबतीत हेच झालं. १५६२ मध्ये वारलेला जॉन न्यूटन मृत्यूपत्रात स्वतःला ‘योमन’ म्हणवतो, म्हणजे स्वतःची जमीन कसणारा खाऊनपिऊन सुखी शेतकरी. त्याचा मुलगा रिचर्ड वुल्सथॉर्पला शेती करू लागला. रिचर्डचा मुलगा रॉबर्ट यानं १६२३ मध्ये तिथली मॅनर विकत घेतली. छोटी जहागीरच म्हणा. आणि रॉबर्टचा मुलगा आयझॅक, म्हणजे शास्त्रज्ञ न्यूटनचे वडील. एप्रिल १६४२ मध्ये त्यांचं हॅना आयस्कोशी लग्न झालं आणि ऑक्टोबरमध्ये ते वारले. त्यांच्या मालमत्तेच्या यादीत २३४ मेंढ्या आहेत. त्या राखणाऱ्या गड्याचं नाव अशा यादीत येत नसतं. मात्र या सधन शेतकऱ्याला स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती!

मुलगा जन्मला त्याच वर्षीच्या नाताळला. बाप्तिस्मा १ जानेवारीला झाला. इथं नवख्याचा हमखास घोटाळा होतो. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून त्या जानेवारीतही साल १६४२ च चालू होतं. न्यूटन वारला २० मार्चला. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या त्याच्या स्मारकावर साल १७२६ कोरलंय आणि आपण १७२७ म्हणतो. दोन्ही बरोबर.

मग ज्यांच्याकडे मेंढ्या नव्हत्या, त्यांचं काय? त्यांच्यासाठी १६६२ चा कायदा कामी येतो. मजूर परक्या गावात गरिबीत सापडला, तर त्याला पोसायचं कुणी यावरून दोन पॅरिशांत जुंपायची. मग न्यायाधीशांपुढे त्याचा जबाब व्हायचा: कुठं जन्मलास, कुठं वर्षभर चाकरी केलीस, बायकामुलं कोण. पैसे वाचवायला घेतलेला हा जबाब आज एखाद्या मजुराचं जवळजवळ एकमेव चरित्र असतो. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत लोक आपण होऊन नाव लिहवून घेतात. या बिचाऱ्यांना विचारायला शिपाई यायचा.

न्यूटननं स्वतःही आपलं कूळ शोधलं. १७०५ मध्ये ॲन राणीनं त्याला ‘सर’ केलं, त्याच वर्षी त्यानं वंशावळीच्या सरकारी कार्यालयात आपला वंशवृक्ष दाखल केला. आरंभी वेस्टबीचा जॉन. तिथल्याच दुसऱ्या शाखेतल्या एका सरदार घराण्याशी नातं जोडून त्यानं त्यांचं मानचिन्हही मिळवलं: काळ्या ढालीवर दोन आडव्या-तिडव्या नडगीच्या हाडांचं. चार पेन्यांवाला सायमन जगापुढे यायला विसावं शतक उजाडावं लागलं. लिंकनशरचे धर्मगुरू कॅनन फॉस्टर यांनी १९२८ मध्ये या घराण्याचा सविस्तर शोध छापला.

न्यूटन मात्र मृत्यूपत्र न करताच गेला, लग्नही केलेलं नव्हतं. वारसाचा प्रश्न उभा राहिला. आईनं दुसरं लग्न केलं होतं, त्या घरातल्या सावत्र भाचे-भाच्यांना पैसाअडका मिळाला. जमीन मात्र त्यांना मिळेना, कारण तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात सावत्र रक्ताला जमिनीचा वारसा नव्हता. ती गेली न्यूटनच्या चुलत्याच्या वंशातल्या एका जॉन न्यूटनकडे. नाव वंशवृक्षात योग्य फांदीवर होतं, एवढ्यावर त्याला वुल्सथॉर्प मिळालं. थोड्याच वर्षांत त्यानं ते विकून टाकलं.