उशाची चादर काढा!

मंडळी, शालीऐवजी चादर देऊन सत्कार केलात, खास सोलापुरी रीत झाली. पण अडचण अशी की, आज माझं भांडण चादरीशीच आहे. भौगोलिक मानांकन मिळवलेली आपली चादर अंथरा, पांघरा, रुखवतात मांडा. फक्त बेशुद्ध माणसाच्या उशाला देऊ नका. का, ते सांगतो.

मे महिन्यातलं लग्न, होटगी रोडला. ऊन तुम्हाला माहीतच आहे, मंडपात पंखे गरम हवा फेकत होते. आमच्या साडूंनी मधुमेहाची गोळी घेतलेली आणि पंगत काही बसेना. अक्षता टाकता टाकता कोसळले. मग काय, सगळं सोलापूर धावलं! एकानं कांदा फोडून नाकाशी धरला. दुसरा म्हणाला, "फीट असंल की ओ," आणि चप्पल हुंगवली. ती कोल्हापुरी होती म्हणून गुण आला नाही, असं आमची मेहुणी आजही म्हणते. एका काकांनी तोंडात साखरेचं पाणी ओतलं. शुद्धीत नसलेल्याला गिळता येत नाही, हे कुणाच्या ध्यानात?

आणि मी? आहेरातली कोरी चादर दुहेरी घडी करून उशाला दिली. साडू घोरायला लागले. मी सगळ्यांना म्हटलं, "आता आराम पडला, झोप लागली."

ती झोप नव्हती, मंडळी. शुद्ध गेली की जिभेचे स्नायू सैल पडतात, जीभ घशात मागे सरकते. त्यात उशीनं हनुवटी छातीकडे दाबली जाते. श्वासाची वाट अर्धी बुजली की घोरल्यासारखा आवाज येतो. नवरीची एक मैत्रीण, नर्सिंगला शिकणारी, पैठणी खोचून खाली बसली. "काका, चादर काढा." तिनं त्यांना कुशीवर वळवलं. तोंडातलं पाणी, लाळ बाहेर आली, घोरणं थांबलं. आम्ही पाच बाप्ये नुसते उभे. त्यातले तीन पदवीधर.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली म्हणे. मुद्दा तर आत्ता सुरू होतोय! बरं, भराभर घ्या. आधी हाक मारा, खांदे हलवा. हनुवटी उचलून १० सेकंद श्वास बघा. नुसते आचके देत असेल तर तो श्वास नव्हे, तिथं छाती दाबायला लागायचं, मिनिटाला १०० ते १२०. श्वास नीट चालू असेल तर शेजारी गुडघ्यावर बसा. तुमच्याकडचा हात काटकोनात पसरा, पलीकडचा हात आणून त्याचा पंजा तुमच्या बाजूच्या गालाखाली धरा, पलीकडचा गुडघा उभा करा आणि तोच धरून माणूस तुमच्याकडे ओढा. वरचा पाय दुमडलेला ठेवा, म्हणजे पालथा होत नाही. मान किंचित मागे, तोंड जमिनीकडे. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत श्वासावर नजर. गरोदर बाई असेल तर डावी कूस. अपघातात मानेला मार वाटला तर उगीच हलवू नका. पण उलटी होत असेल, श्वास अडत असेल, तर डोकं-मान-धड एका रेषेत ठेवून वळवाच.

नुसतं ऐकून हाताला कळणार नाही. कुणीतरी सतरंजीवर आडवं व्हा. साडू पहिल्याच रांगेत आहेत... नको म्हणताय? अहो या, आज उशी देत नाही.