उसन्या खांद्यांचा हिशेब

(दृश्य : दुपार. रिकामं मैदान. माउंडवर, म्हणजे पिचर (चेंडू टाकणारा) उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावर, एक कोच हातात ठोकणी घेऊन वाकलेला.)

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यावर केप कॉड नावाचं द्वीपकल्प आहे. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत या भागातले दहा संघ केप कॉड लीगमध्ये बेसबॉल खेळतात. खेळाडू सगळे कॉलेजातले, देशभरातून आलेले. त्यांना पगार नसतो. राहायची सोय गावातल्याच एखाद्या कुटुंबात होते. पुढे मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये) नावाजलेला फलंदाज ॲरन जज 2012 साली इथल्या ब्रूस्टर संघात होता. स्टँडमधले लोक पुढचा जज कोण, हे हेरत असतात. आपण बघणार आहोत डगआउटच्या (खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या) कठड्याला टेकून उभ्या असलेल्या चार-पाच माणसांकडे.

मॅनेजर म्हणजे इथे मुख्य प्रशिक्षक. त्याच्या हाताखाली पिचिंग कोच, हिटिंग कोच, एखाद-दुसरा सहायक आणि दुखापती बघणारा ट्रेनर. जनरल मॅनेजर वेगळा असतो. खेळाडू गोळा करणं, त्यांना घरं मिळवून देणं ही त्याची कामं, आणि तीही बिनपगारी. मॅनेजर बहुतेक वेळा वर्षभर दुसरीकडे नोकरी करणारा असतो. स्कॉट पिकलर कॅलिफोर्नियातल्या सायप्रस कॉलेजचे कोच होते. 1998 साली ते यार्मथ-डेनिस संघाकडे आले आणि या संघाने त्यांच्या हाताखाली सहा विजेतेपदं मिळवली. जॉन शिफनर यांनी 1993 ते 2017 असे सलग 25 उन्हाळे चॅटमचा संघ सांभाळला. सहायक मात्र बहुधा तरुण असतात आणि दर एक-दोन वर्षांनी बदलतात.

या सगळ्यांची अडचण एकच. खेळाडू उसने आहेत. प्रत्येकाच्या मागे त्याचं कॉलेज आहे, तिथला कोच आहे, आणि त्या कोचने जूनमध्येच फोन करून सांगितलेलं असतं : या पोराला इतक्याच इनिंग (तीन जण बाद होईपर्यंतच्या पाळ्या) द्या, त्याचा स्लायडर (वळणारा चेंडू) बदलू नका.

(दृश्य : पिचिंग कोचच्या मागच्या खिशातलं घडी पडलेलं कार्ड. नावं, तारखा, आकडे.)

संघातलं सर्वांत महत्त्वाचं कागदपत्र हेच. क्रिकेटमध्ये षटक संपलं की गोलंदाज फाइन लेगला जाऊन उभा राहतो. इथे तीन जण बाद होईपर्यंत तोच टाकत राहतो. एका इनिंगमध्ये साधारण 15-16 पिच (टाकलेले चेंडू) होतात, प्रत्येक पूर्ण ताकदीने. हा मुलगा फेब्रुवारीपासून कॉलेजसाठी टाकतो आहे. खांदा आणि कोपर आधीच शिणलेले.

विश्रांतीचा तक्ता ठरलेला आहे. मेजर लीगच्या ‘पिच स्मार्ट’ शिफारशींनुसार 19 ते 22 वयाच्या पिचरने दिवसाला जास्तीत जास्त 120 पिच टाकावेत. 30 पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी चालेल. 31 ते 45 झाले तर एक दिवस सुट्टी, 60 पर्यंत दोन, 80 पर्यंत तीन, 105 पर्यंत चार, त्यापुढे पाच. शहाणा कोच 120 च्या आसपाससुद्धा जात नाही.

आता गणित मांडू. मोसमात 40 सामने, सामन्याला नऊ इनिंग, म्हणजे 360 इनिंग. कॉलेजांनी एकेकाला सरासरी 20 इनिंगची परवानगी दिली, तर 18 पिचर लागतात. आणि हे 18 जण एका वेळी हाताशी कधीच नसतात. जूनमध्ये काही जण ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीज (कॉलेज संघांची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा) खेळत असतात, त्यांच्या जागी तात्पुरत्या करारावरची मुलं येतात. जुलैमध्ये व्यावसायिक संघांचा ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) होतो. निवडला गेलेला मुलगा करार करून निघून जातो. कुणाच्या ठरलेल्या इनिंग संपतात, कॉलेज त्याला घरी बोलावतं.

हिशेब बिघडतो तो न दिसणाऱ्या पिचेसमुळे. राखीव पिचरला बुलपेनमध्ये (खांदा तापवायच्या जागेत) तयार व्हायला 20-25 पिच लागतात. मॅनेजर त्याला उठवतो, सामना सावरतो, त्याला पुन्हा बसवतो. दोन इनिंगनंतर परत उठवतो. स्कोअरबुकात शून्य, खांद्यावर 50. म्हणून चांगल्या कोचच्या कार्डावर बुलपेनचा वेगळा रकाना असतो, आणि ‘आज हा दोनदा उठला, उद्या नाही’ हे मॅनेजरला तोंडावर सांगायची हिंमतही लागते.

दुसरा घोळ होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे बसलेला असतो. तिथे स्काउट (व्यावसायिक संघांसाठी खेळाडू हेरणारी) मंडळी चेंडूचा वेग मोजणारी रडार गन रोखून असतात. गन वर झाल्या की पहिल्याच इनिंगमध्ये पोरगा ताशी दोन मैल जादा काढायला जातो, चेंडू उंच राहतो आणि तिसऱ्या इनिंगला दम संपतो.

माउंडची डागडुजीही बरेचदा कोचच करतात. पुढचा पाय जिथे पडतो तिथे खड्डा होतो. तो ओल्या चिकणमातीने भरून ठोकावा लागतो. माती कोरडी राहिली तर पहिल्याच इनिंगमध्ये उखडते, आणि पाय घसरला की झटका कोपरावर येतो.

(दृश्य : बॅटिंगचा सराव. जाळीआडून चेंडू टाकणारा कोच.)

हिटिंग कोचची डोकेदुखी लाकडी आहे. कॉलेजात धातूची बॅट चालते, या लीगमध्ये 1985 पासून फक्त लाकडाची. धातूची 33 इंची बॅट कमीत कमी 30 औंसांची, म्हणजे साधारण 850 ग्रॅमची असावी लागते. वजनाचा फरक फार नाही. फरक आहे तो चेंडू बसण्याच्या जागेचा. अंगावर आलेला पिच धातूच्या बॅटच्या मुठीजवळ लागला तरी कधीकधी इनफिल्डच्या (जवळच्या क्षेत्ररक्षकांच्या) डोक्यावरून जातो. लाकडाची तिथेच मोडते आणि चेंडू रखडत पिचरच्या हातात. बॅटवरचा छाप वर किंवा खाली ठेवायचा, बाजूला नाही, हेही पहिल्या आठवड्यात सांगावं लागतं.

कोच जाळी लावतो ती सुमारे 40 फुटांवर. खरं अंतर 60 फूट 6 इंच. तिथून ताशी 60 मैलांनी टाकलेला चेंडू बॅटरला जवळपास तेवढाच वेळ देतो जेवढा सामन्यात 90 मैलांचा देतो : साधारण 0.4 सेकंद. पहिल्या फेरीत दोन बंट (बॅट नुसती आडवी धरून अडवलेले चेंडू), मग सगळे फटके विरुद्ध दिशेला. शैलीत मोठा बदल कुणी करत नाही. सात आठवड्यांत जुनी सवय मोडते, नवी बसत नाही, आणि सप्टेंबरमध्ये निस्तरायला कॉलेजचा कोच बसतो.

पहिल्या बेसजवळच्या (बेस म्हणजे धावणारा थांबतो तो टप्पा) कोचच्या हातात स्टॉपवॉच. पिच पडत असतानाच धावणाऱ्याने दुसरा बेस गाठायचा का, हे त्यावर ठरतं. पिचरला चेंडू प्लेटपर्यंत पोचवायला 1.3 सेकंद, कॅचरला (प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्याला) तो दुसऱ्या बेसवर फेकायला 2.0. बेरीज 3.3. धावणाऱ्याला तिथे पोचायला 3.4 लागत असतील तर थांबायचं. पिचरने पाय उंच उचलून 1.5 घेतले की पळायचं. तिसऱ्या बेसच्या कोचचे इशारे मात्र अगदी साधे : टोपी, पट्टा, छाती. मुलं वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेली, प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी खुणांची भाषा. चारपेक्षा जास्त इशारे ठेवले की कुणीतरी नको तेव्हा पळतो.

(दृश्य : चॅटमचं मैदान. धुक्यात पुसट झालेले दिव्यांचे खांब.)

चॅटमला समुद्रावरून धुकं आलं की उंच उडालेला चेंडू आउटफिल्डरला दिसतच नाही. अंपायर खेळ थांबवतात. थांबा अर्ध्या तासाच्या वर गेला, तर आधी टाकत असलेल्या पिचरला परत उभं करायचं नाही. थंड पडलेला खांदा पुन्हा तापवणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण. त्याच्या उरलेल्या चार इनिंग आता बाकीच्यांत वाटायच्या. कार्डावर खाडाखोड सुरू.

ऑगस्टच्या सुरुवातीला दहापैकी आठ संघ बाद फेरीत पोचलेले असतात. तीन फेऱ्या, प्रत्येक तीन सामन्यांची. दोन जिंकले की पुढे. एकही न हरता विजेतेपद मिळवायचं तरी सहा सामने, 54 इनिंग. 18 पिचरांपैकी तेव्हा हाताशी उरलेले असतात मोजके, आणि त्यातले दोघे परवाच 70 पिच टाकून आलेले. मॅनेजर पहिल्या सामन्याला सर्वांत ताजा खांदा लावतो, सर्वांत चांगला नव्हे. चांगला अजून एक दिवस विश्रांती घेतो आहे.